अन्नपदार्थांच्या चाचण्या आणि संतुलित आहार

एखाद्या पदार्थात स्टार्च, साखर, प्रथिनं, स्निग्धांश यांपैकी काय काय आहे हे रंग बदलतो का, डाग पडतो का असं बघून ओळखायच्या सोप्या पद्धतींना अन्नपदार्थांच्या चाचण्या म्हणतात. शाळेच्या प्रयोगशाळेत होणाऱ्या या बहुतेक चाचण्या फक्त 'आहे की नाही' एवढंच सांगतात, 'किती आहे' ते सांगत नाहीत, आणि संतुलित आहाराचा तर सगळा हिशोबच 'किती'चा असतो, त्यामुळे हे दोन्ही विषय एकत्र समजून घेतलेले बरे.

सगळ्यात सोपी आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर चाचणी आयोडीनची. बटाट्याची ताजी चकती घ्यायची, वर पातळ आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकायचे, की तो पिवळट तपकिरी थेंब डोळ्यांदेखत निळाकाळा होतो. आयोडीन बर्नार कुर्त्वा या फ्रेंच रसायनतज्ज्ञाला १८११ मध्ये समुद्री शेवाळाच्या राखेवर काम करताना सापडलं आणि १८१४ मध्येच स्टार्चबरोबर त्याचा रंग असा बदलतो हे लक्षात आलं होतं. होतं काय, तर स्टार्चमधल्या अमायलोज नावाच्या घटकाची लांबलचक साखळी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते आणि आयोडीन त्या स्प्रिंगच्या पोकळीत रांगेत जाऊन बसतं, त्यातून हा गडद रंग येतो. गरम केलं की रंग उडतो आणि गार झाल्यावर परत येतो, म्हणून शिजवलेला पदार्थ गार करूनच तपासायचा, नाहीतर स्टार्च असूनही नाही असं वाटायचं. कच्च्या केळ्याची चकती आयोडीनने काळी पडते पण चांगल्या पिकलेल्या केळ्याची जेमतेम, कारण पिकताना स्टार्चची साखर झालेली असते. तसंच स्टार्चच्या पातळ पाण्यात थोडी लाळ मिसळून काही मिनिटं थांबलं की आयोडीन टाकूनही निळा रंग येत नाही, म्हणजे पचन तोंडातच सुरू होतं हे परीक्षानळीत सरळ दिसतं.

साखरेसाठी बेनेडिक्टचं द्रावण वापरतात. पदार्थाच्या पाण्यात ते निळं द्रावण घालून नळी गरम पाण्यात काही मिनिटं ठेवायची, मग साखर जशी जास्त तसा रंग हिरवा, पिवळा, केशरी आणि शेवटी विटकरी होत जातो, त्यामुळे प्रमाणाचा थोडाफार अंदाज येतो. पण यात एक गंमत आहे, डब्यातली रोजची पांढरी साखर या चाचणीत काहीच रंग दाखवत नाही! ती सुक्रोज असते आणि ही चाचणी ग्लुकोज, फ्रुक्टोजसारख्या साखरांची आहे. आधी सौम्य आम्लात उकळून तिचे तुकडे करावे लागतात, मग ते आम्ल सोड्याने मारायचं आणि त्यानंतर टेस्ट करायची.

प्रथिनांसाठी बाययुरेट चाचणी. अंड्याचा पांढरा भाग पाण्यात कालवून त्यात कॉस्टिक सोड्याचं पातळ द्रावण घालायचं आणि मग मोरचुदाच्या द्रावणाचे एक-दोनच थेंब, जांभळा रंग आला की प्रथिन आहे. मोरचूद जास्त झालं तर त्याच्या स्वतःच्या निळ्या रंगात तो जांभळा दडून जातो, मुलांची चाचणी बहुतेक वेळा इथेच फसते. कॉस्टिक सोडा कातडी भाजतो, डोळ्यात गेला तर फारच वाईट, तेव्हा चष्मा घालायचाच आणि तपासलेला पदार्थ कुणी तोंडात घालायचा नाही.

स्निग्धांशाला रसायनही लागत नाही, शेंगदाणा कागदावर घासायचा आणि कागद उजेडासमोर धरायचा. पाण्याचा डाग वाळला की जातो, तेलाचा तसाच पारदर्शक राहतो, म्हणून घाई न करता कागद आधी वाळू द्यायचा. कुठल्याही चाचणीत शेजारी एक नळी नुसत्या पाण्याची ठेवावी, म्हणजे रंग पदार्थामुळेच आला हे नक्की कळतं.

आता आहाराकडे येऊ. १ ग्रॅम कर्बोदकं (म्हणजे स्टार्च, साखर वगैरे) किंवा प्रथिनं साधारण ४ किलोकॅलरी देतात आणि १ ग्रॅम स्निग्धांश ९, म्हणून तेलकट पदार्थ थोडा खाल्ला तरी ऊर्जा भरपूर जाते. निरोगी मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिनं पुरेशी धरतात, वाढत्या मुलांना त्या हिशोबाने जास्त लागतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने रोज मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी खावं, वरून घातलेल्या साखरेतून एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा यावी आणि फळं-भाज्या किमान ४०० ग्रॅम असाव्यात. या ४०० ग्रॅममध्ये बटाटा धरत नाहीत, आणि का ते त्या निळ्याकाळ्या चकतीनेच दाखवलंय! तंतुमय भाग पचत नाही, ऊर्जाही फारशी देत नाही, पण पोट साफ राहायला तोच लागतो.

जीवनसत्त्वं लागतात अगदी थोडी, पण नसली की आजार होतो. जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने १७४७ मध्ये स्कर्व्ही (हिरड्यांतून रक्त येण्याचा आजार) झालेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला, आणि संत्री-लिंबू मिळालेले दोघंच पटकन सुधारले. त्यामागचं क जीवनसत्त्व शाळेतही तपासता येतं, डीसीपीआयपी नावाचा निळा रंग ठरावीक मापाने घ्यायचा आणि तो निळेपणा जाईपर्यंत फळाचा रस थेंब थेंब टाकत थेंब मोजायचे. थेंब कमी लागले तर जीवनसत्त्व जास्त. तोच रस बराच वेळ उकळून पुन्हा मोजला तर थेंब जास्त लागतात, म्हणजे उकळताना किती गेलं तेही कळतं, नुसतं आहे की नाही एवढंच नाही.