'थोडीशी चालते ना' चा हिशोब

आमच्याकडे कोणाले कावीळ झाली की पहिले झाडपाला, मंग दवाखाना, अन् रिपोर्टमधी हिपॅटायटीस बी नाहीतर सी (लिव्हर सुजवणारे व्हायरस) निघाला की माणूस बायको बाहेर गेल्याची संधी पाहून डॉक्टरले दारूचं हळूच विचारते, सर, थोडीशी चालते ना?

या प्रश्नाचं उत्तर आधी कोणाजवळच धड नव्हतं. सी व्हायरस सापडला १९८९ ले, तोवर त्या आजाराले 'ए नाही, बी नाही' एवढंच म्हणत. म्हणजे सिरोसिस (लिव्हर कडक होऊन निकामी होणं) झाला की पीत असन, असं म्हणून मोकळं व्हायचं, मग त्यानं बाटली पाहिली असो की नसो. टेस्ट आल्यावरच व्हायरसनं किती बिघडवलं अन् दारूनं किती, हे वेगळं पाहता आलं. १९९७ मध्ये फ्रान्सचे लिव्हरचे डॉक्टर पोयनार्ड अन् सोबतच्यांनी सी च्या २२३५ पेशंटच्या बायोप्सीवरून (लिव्हरचा तुकडा काढून केलेल्या तपासणीवरून) सांगितलं, रोज ५० ग्रॅम किंवा त्याच्यावर अल्कोहोल असलं की लिव्हर लवकर कडक होत जाते. आता याचा उलटा अर्थ काढणं किती सोपं, की ५० च्या खाली सगळं माफ! पण २००२ मध्ये स्वीडनचा एक अभ्यास आला, लहानच होता, त्यात रोज ४० ग्रॅमच्या आत पिणाऱ्यांमध्येही जो जास्त घेते त्याचं लिव्हर जास्त लवकर खराब होताना दिसलं.

बरं हे ग्रॅम म्हणजे किती? देशीच्या लेबलवर ४२.८ टक्के लिहिलेलं असते, म्हणजे १८० मिलीच्या एका कवाटरमध्ये ६० ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल, ९० मिलीच्या निपमध्ये ३०. तिकडं फ्रान्स-स्वीडनच्या लोकांची 'मॉडरेट' (बेताची) म्हणजे दिवसाले एक-दोन पेग, अन् आमच्या भाऊची 'थोडीशी' म्हणजे संध्याकाळची एक कवाटर, जे पोयनार्डच्या 'जास्त' वाल्यातच बसते बाप्पा.

२०१८ पासून सरकारी कार्यक्रमात सी च्या गोळ्या फुकट मिळतात, बहुतेकांचा १२ आठवड्यांचा कोर्स, व्हायरस जाते. बी च्या गोळ्या त्याले दाबून ठेवतात फक्त. दारूनं होणारं नुकसान दोन्हीत थांबत नाही.

अन् गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी, वर्ध्यात त्याच्याही आधीपासून. तिथं जी मिळते ती मोहाची नाहीतर चोरून आणलेली, अन् मोहाच्या बाटलीले लेबलच नसते, मग ग्रॅम मोजाचे कशावरून?