मुलांमधील जांघेचा हर्निया आणि न उतरलेले वृषण : जनुकांचा वाटा किती?

आंघोळीआधी तेल लावताना आजीच्या हाताला बाळाच्या जांघेत मऊ फुगवटा लागतो. बाळ रडले की तो टरारतो आणि शांत झोपले की दिसेनासा होतो. किंवा लशीच्या दिवशी डॉक्टर दुपटे बाजूला करून तपासतात आणि अंडपिशवीत एका बाजूची गोटी उतरलेली नाही असे सांगतात. त्या संध्याकाळी घरात कारणाचा शोध सुरू होतो आणि अनेकदा तो आईपाशी येऊन थांबतो : गरोदरपणी जड उचलले, जिने चढली, ग्रहण पाळले नाही. पुण्यातील आमच्या लहानशा जनुकीय समुपदेशन केंद्रात येणाऱ्या पालकांना आम्ही सर्वांत आधी हेच सांगतो, की यांपैकी कोणत्याही गोष्टीमुळे हर्निया होत नाही आणि वृषणही वर राहत नाही.

वृषण तयार होतात गर्भाच्या पोटात, मूत्रपिंडांच्या जवळ, आणि तेथून त्यांना अंडपिशवीपर्यंत उतरावे लागते. पहिला टप्पा गर्भारपणाच्या साधारण ८ ते १५ या आठवड्यांत पार पडतो. वृषणातूनच स्रवणारे आयएनएसएल३ नावाचे संप्रेरक एका दोरीवजा पट्ट्याला जाड करते आणि तो पट्टा वृषणाला जांघेच्या वरच्या तोंडाशी धरून ठेवतो. दुसरा टप्पा २५ ते ३५ या आठवड्यांतला असून तो टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकावर अवलंबून असतो. पोटाच्या आतील अस्तराची बोटासारखी एक पिशवी वृषणाची वाट धरून खाली येते आणि काम झाल्यावर मिटून जाते. ती मिटली नाही, तर तिच्यातून आतडे जांघेत उतरते. लहान मुलाचा हर्निया तो हाच. न उतरलेल्या वृषणासोबत ही पिशवी बहुधा उघडीच असते, म्हणून दोन्ही दोष पुष्कळदा एकत्र दिसतात आणि शल्यविशारद एकाच शस्त्रक्रियेत दोन्ही दुरुस्त करतात. आजोबांना साठीत झालेला हर्निया पोटाची भिंत सैल पडल्याने झालेला असू शकतो. मुलाच्या हर्नियात अशी सैल भिंत नसते, त्यामुळे त्याला जाळी बसवावी लागत नाही.

हा प्रवास समजला, की जनुकांचा प्रश्नही सोपा होतो. आयएनएसएल३ चे जनुक १९ व्या गुणसूत्रावर आहे आणि त्या संप्रेरकाचा संदेश घेणाऱ्या आरएक्सएफपी२ या ग्राहकाचे जनुक १३ व्या गुणसूत्रावर आहे. आयएनएसएल३ नसलेल्या उंदरांत दोन्ही वृषणे पोटातच राहतात, हे १९९९ मध्ये प्रयोगांतून दिसले, तेव्हा मुलांमधील कारणही हाती लागेल अशी मोठी आशा निर्माण झाली होती. प्रत्यक्षात या दोन जनुकांतील दोष फारच थोड्या मुलांत सापडतात. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला हा त्रास असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता वाढते हे खरे. परंतु ती अनेक जनुकांच्या लहान लहान परिणामांची आणि गर्भातील परिस्थितीची बेरीज असते. वेळेआधी जन्मणे हे त्याहून कितीतरी अधिक वेळा आढळणारे कारण आहे. पूर्ण दिवसांच्या सुमारे २ ते ४ टक्के मुलग्यांत जन्मतः वृषण उतरलेले नसते, तर अपुऱ्या दिवसांच्या मुलग्यांत हे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत जाते, कारण २८ व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचा दुसरा टप्पा मुळी पुराच झालेला नसतो.

म्हणून एका बाजूचा हर्निया किंवा एका बाजूचे न उतरलेले वृषण असून मूल इतर सर्व बाबतींत निरोगी असेल, तर आम्ही जनुकीय चाचणी सुचवत नाही. चाचण्या करणे हा आमचा व्यवसाय असला, तरी ज्या चाचणीने उपचारात काहीही बदलणार नाही, तिच्यासाठी पालकांनी पैसे खर्च करावेत असे आम्हाला वाटत नाही.

चाचणी केव्हा आवश्यक ठरते

नवजात बाळाच्या दोन्ही गोट्या हाताला लागत नसतील, तर ही बाब तातडीची समजावी. क्वचित असे बाळ गुणसूत्रांनी मुलगी असते आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथीच्या जन्मजात विकारामुळे बाहेरून मुलासारखे दिसते. या विकारात पहिल्या काही आठवड्यांतच शरीरातील मीठ घसरून जिवाला धोका होऊ शकतो. येथे संप्रेरकांची व गुणसूत्रांची तपासणी रुग्णालयातच, त्याच दिवसांत सुरू झाली पाहिजे. न उतरलेल्या वृषणासोबत लघवीचे छिद्र शिश्नाच्या टोकाऐवजी खाली असेल, तरीही ही तपासणी करावी लागते.

इतर खुणा सावकाश लक्षात येतात. जन्मापासून अंग सैल असणे आणि दूध ओढता न येणे प्राडर-विली विकाराकडे, हृदयाच्या झडपेचा दोष व कमी उंची नूनन विकाराकडे बोट दाखवते. हर्निया पुन्हा पुन्हा होत असेल, सोबत बेंबीचाही हर्निया, सततचे कानदुखणे, मोठे घोरणे आणि आखडलेले सांधे असतील, तर म्युकोपॉलिसॅकरिडोसिस (पेशींत साखरेच्या लांब साखळ्या साचत जाण्याचे आनुवंशिक विकार) या विकारांचा विचार लवकर व्हायला हवा, कारण त्यांतील काहींवर उपचार आहेत आणि ते जितके लवकर सुरू होतील तितके चांगले. कधी मुलाच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेत अविकसित गर्भाशय आढळते. हे ऐकून पालक हादरतात, पण मूल मुलगाच असते; एएमएच या संप्रेरकाच्या किंवा त्याच्या ग्राहकाच्या जनुकातील दोषामुळे, गर्भावस्थेत विरून जायला हवी होती ती रचना राहून गेलेली असते.

वंशवेल काढताना आम्ही मामा, मावशी आणि मावशीच्या मुलांविषयी मुद्दाम विचारतो. टेस्टोस्टेरॉनला प्रतिसाद देणाऱ्या ग्राहकाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, म्हणून त्यातील दोष वारशाने आला तर आईच्या बाजूने येतो. अशा दोषात गुणसूत्रांनी पुरुष असलेली व्यक्ती बाहेरून स्त्री दिसू शकते. एखाद्या मावशीला कधीच पाळी आली नाही, किंवा लहानपणी तिच्या दोन्ही जांघांत हर्निया होता, ही गोष्ट घरात सर्वांना ठाऊक असते पण कोणी उच्चारत नाही. ती आम्हाला सांगावी; कागदावरच्या एका वर्तुळाने (वंशवेलीत स्त्री वर्तुळाने दाखवतात) कित्येकदा निदानाची दिशा ठरते. आतेमामे भावंडांचे लग्न असेल तर तेही संकोच न करता सांगावे. एएमएचसारख्या दोषांत आई आणि वडील दोघेही निरोगी वाहक असतात आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक गर्भारपणात मुलाला दोन्हींकडून सदोष जनुक मिळण्याची शक्यता २५ टक्के असते.

गुणसूत्रांच्या चाचणीसाठी बाळाचे २ ते ३ मिलिलिटर रक्त घेतले जाते आणि त्यातील पांढऱ्या पेशी सुमारे ७२ तास वाढवून सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे मोजली जातात. जनुकांच्या चाचणीत कधी अर्थ निश्चित नसलेला बदल सापडतो. त्याच्या आधारे आम्ही निदान करत नाही. अहवाल निर्दोष आला तरी आनुवंशिक कारण शंभर टक्के नाकारले जात नाही, हे आम्ही आधीच स्पष्ट करतो.

नेहमीच्या शस्त्रक्रियेला केवळ या अहवालासाठी थांबू नये. न उतरलेले वृषण पहिल्या ६ महिन्यांत आपोआप उतरू शकते. त्यानंतर वाट न पाहता १८ महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया होणे हिताचे असते, कारण वर राहिलेल्या वृषणात पुढे वंध्यत्वाचा व कर्करोगाचा धोका वाढतो. हर्निया मात्र आपोआप बरा होत नाही. फुगवटा कडक, लाल, आत न जाणारा झाला, बाळ एकसारखे रडत असेल किंवा हिरवी उलटी झाली, तर मध्यरात्र असली तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे.

पुढच्या खेपेला मुलगा असेल का, हे पाहून सांगा, अशी विनंती आम्हाला होते. १९९४ च्या कायद्याने गर्भाचे लिंग सांगणे गुन्हा आहे आणि आम्ही ते सांगत नाही. धोका किती आहे, याचे उत्तर गर्भारपणाआधीच्या समुपदेशनात देता येते.

भेटीला येताना बाळाच्या जन्माचे कार्ड, सोनोग्राफीचे अहवाल आणि वडिलांचे लहानपणी ऑपरेशन झाले असल्यास त्याची जुनी फाइल आणावी. फाइल हरवली असेल तर आजीला सोबत आणावे. जांघेतील व्रण कुठल्या बाजूला आणि कितव्या वर्षी झाला, हे तिला नेमके आठवते.