काट्याकाट्यांचा माड

पुपुन्या नावाच्या माडाच्या बुंध्याला हात लावायची सोय नसते. गळून पडलेल्या झावळीची खूण कड्यासारखी राहते, आणि तेवढी जागा गुळगुळीत असते. दोन कड्यांमधल्या पट्ट्यात मात्र काळे, बोटभर लांब, सुईसारखे काटे दाटीनं उभे असतात. एक पट्टा गुळगुळीत, एक काटेरी, असं पार पंधरा-वीस मीटर उंचीपर्यंत. वर झावळ्यांच्या देठांवरही काटे, फुलोरा झाकणाऱ्या पोयीवरही काटे. आणि या सगळ्या बंदोबस्ताच्या आत लिंबाएवढ्या लाल-केशरी फळांचे भरगच्च घड लटकलेले.

झाडाचं शास्त्रीय नाव बॅक्ट्रिस गॅसिपीस. ब्राझीलमध्ये त्याला पुपुन्या म्हणतात, कोलंबियात चोंतादुरो, कोस्टा रिकात पेखिबाये, पेरूत पिख्वायो. बोलीवियापासून मध्य अमेरिकेपर्यंतच्या दमट, सखल भागात तो हजारो वर्षं लावला जातोय. जर्मन निसर्गसंशोधक अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टनं 1800 मध्ये ओरिनोको नदीच्या खोऱ्यात तो पाहिला. लोक त्याची फळं उकडून किंवा राखेत भाजून बटाट्यासारखी खातात, अशी नोंद त्यानं केली. त्याच्या आणि त्याचा सहप्रवासी बोंप्लाँ याच्या संग्रहावरून कुंथ या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1816 मध्ये या जातीला नाव दिलं. पुढे इंग्रज निसर्गसंशोधक आल्फ्रेड वॉलेसनं ॲमेझॉनच्या माडांवर 1853 मध्ये लिहिताना एक नेमकी गोष्ट टिपली: हा माड तिथं रानात दिसत नाही, आदिवासींच्या घरांभोवतीच दिसतो. त्या नोंदीकडे नंतर येऊच. आधी काट्यांचं बघू.

ताडकुळातल्या झाडांना काटे असणं आपल्याला नवं नाही. शिंदीच्या झावळीच्या बुडाशी असलेले अणकुचीदार काटे ज्यानं एकदा खाल्ले तो विसरत नाही, आणि सह्याद्रीतल्या वेताच्या जाळीत शिरलेला माणूस अंगावरचा सदरा शाबूत घेऊन बाहेर येत नाही. पण हे काटे एका जातकुळीचे नाहीत. शिंदीचा काटा म्हणजे मूळची झावळीची पाती, टणक होऊन काटा झालेली. वेताचे आकडे त्याला दुसऱ्या झाडांवर चढायला उपयोगी पडतात. पुपुन्याचे काटे यांपैकी कशातच बसत नाहीत. ते बुंध्याच्या पृष्ठभागातून निघालेले उंचवटे आहेत, आणि त्यांचं काम एकच: वर कुणाला येऊ न देणं.

ते महत्त्वाचं का, तर माडाचा सगळा जीव शेंड्यात असतो. आंब्याची फांदी तोडली तर बाजूनं दुसरी फुटते. माडाच्या खोडाला वाढीचा कोंब एकच, अगदी टोकाला, झावळ्यांच्या गाभ्यात दडलेला. तो कुणी खाल्ला की खोड मेलं. त्यात हा कोंब कोवळा, पांढरा आणि चवीला गोडसर. कोकणात माड पाडला की पोरं आधी त्याच्यावरच तुटून पडतात. एवढा मौल्यवान एकुलता एक कोंब असलेल्या झाडानं जिन्यावर खिळे ठोकले, यात नवल नाही.

फळ काढायचं तर मग? कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर यासाठी ‘मारोता’ वापरतात. काठ्या आडव्या-तिरप्या बांधून केलेल्या दोन चौकटी बुंध्याभोवती अडकवायच्या. एकीवर भार टाकून दुसरी वर सरकवायची, मग दुसरीवर पाय देऊन पहिली. काट्यांना अंग न लावता माणूस असा वर जातो. खाचांत पाय रोवत सरसर चढणाऱ्या आपल्याकडच्या पाडेलीला हे काम फारच रटाळ वाटेल. उंची कमी असेल तर लांब बांबूला आकडी लावून घड खाली ओढतात.

फळ हातात आलं तरी लगेच तोंडात टाकता येत नाही. कच्च्या गरानं तोंड आणि घसा खाजतो. कारण तेच, जे अळूचं आणि सुरणाचं: कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म स्फटिक. शिवाय प्रथिनं पचवणाऱ्या विकराला अडवणारा एक घटकही कच्च्या गरात असतो. म्हणून मिठाच्या पाण्यात चांगलं अर्धा-पाऊण तास उकडायचं, मग साल सोलायची. आतला गर कोरडा, पिठूळ, थोडा तेलकट. डोळे मिटून खाल्लं तर उकडलेलं रताळं वाटावं. फळ म्हटल्यावर आपण रसाची अपेक्षा करतो, ती इथं पूर्ण होत नाही. कोलंबियातल्या काली शहरात रस्त्यावर बसलेल्या बाया सोललेला चोंतादुरो मीठ आणि मध घालून देतात. कोस्टा रिकात अर्ध्या पेखिबायेवर मेयोनीज थापतात, आणि त्याचं सूपही करतात. केशरी रंग बीटा-कॅरोटीन आणि त्याच्या भाईबंदांचा. आतली काळी, टणक बी हातात घेऊन फिरवून पाहा: एका टोकाला तीन ठिपके. नारळाचे डोळे! पुपुन्या आणि नारळ खरोखरच एका शाखेतले, चुलत भाऊबंद. बी फोडली तर आतलं खोबरंही खाता येतं.

आता फुलांकडे. या माडाच्या आयुष्यातला सगळ्यात रंगतदार भाग हाच. पोय उलगडते ती दुपार कलल्यावर. आतल्या लोंब्यांवर नर आणि मादी दोन्ही फुलं शेजारी-शेजारी असतात, पण नर फुलं कितीतरी जास्त. पोय उघडते तेव्हा मादी फुलं तयार असतात आणि नर फुलं अजून बंद. वास सुटतो, आणि तिन्हीसांजेला सोंडेचे बारीक भुंगे झुंडीनं येतात. ते दुसऱ्या कुठल्या तरी पुपुन्यावरून आलेले असतात, अंगाला तिथले पराग चिकटलेले. पोयीवर त्यांना खायला मिळतं, आसरा मिळतो, आणि ते मुक्कामच ठोकतात. पुढचे साधारण चोवीस तास ते तिथं वावरत असताना मादी फुलांचं काम होऊन जातं. दुसऱ्या दिवशीच्या सायंकाळी नर फुलं उघडतात, काही मिनिटांत पराग झाडतात आणि लगेच गळायला लागतात. झाडाखाली पिवळ्या फुलांचा अक्षरशः पाऊस पडतो. त्या धुळवडीत माखलेले भुंगे आता उठतात आणि त्याच वेळी उघडलेल्या दुसऱ्या पोयीचा वास काढत जातात. कोस्टा रिकातले होर्हे मोरा उर्पी यांनी आयुष्याचा मोठा भाग या झाडाला दिला; हे वेळापत्रक त्यांच्या कामातून नीट समोर आलं. मादी आधी आणि नर मागाहून, या एका युक्तीनं झाड स्वतःचेच पराग स्वतःवर पडणं बऱ्यापैकी टाळतं. थोडक्यात, घडातल्या फळाची आई कोण हे सांगता येतं, बाप कोण ते भुंग्यालाच माहीत. पुढच्या गोष्टीला हे नडणार आहे.

वॉलेसनं पाहिलेला घराजवळचा माड हा माणसानं घडवलेला आहे. त्याचे रानटी भाऊ आजही नैर्ऋत्य ॲमेझॉनमध्ये आणि आसपास आहेत. त्यांची फळं एक-दोन ग्रॅमची, मोठी म्हणजे दहाएक ग्रॅमची. गर पातळ आणि तेलकट, बहुतेक वाटा बीचाच. उलट वायव्य ॲमेझॉनमधल्या लागवडीच्या वाणांत एकेक फळ शंभर-दीडशे ग्रॅमपर्यंत भरतं, आणि त्यात तेलाची जागा पिठानं घेतलेली असते. ब्राझीलमधल्या मनौसच्या ॲमेझॉन संशोधन संस्थेतले चार्ल्स क्लेमेंट यांनी या बदलाचा दशकानुदशकं माग काढला. छोट्या, तेलकट फळाकडून मोठ्या, पिठूळ फळाकडे असा तो प्रवास आहे. पीठ हवं होतं ते खायला, आणि आंबवून चिचा नावाचं पेय करायला. मात्र सुरुवातीला लोकांची नजर फळावर नव्हती, लाकडावर होती, असंही एक मत आहे. ते मला पटण्यासारखं वाटतं. जुन्या बुंध्याचं बाहेरचं लाकूड काळं, जड आणि पोलादासारखं टणक असतं. धनुष्यं, भाले त्याचे होत आले. आणि कोलंबिया-इक्वेडोरच्या किनाऱ्यावरच्या मारिंबा या वाद्याच्या पट्ट्या आजही याच ‘चोंता’ लाकडाच्या असतात. एक-दोन ग्रॅमच्या फळासाठी कुणी काट्यात हात घालणार नाही, धनुष्यासाठी घालेल.

या सगळ्या निवडीत फळ शंभरपट वाढलं, आणि काटे बहुतेक ठिकाणी जिथल्या तिथं राहिले. वर्षाकाठी एक-दोनदा चढायचं. मारोता आहे, बांबू आहे, चालतंय. पण काही ठिकाणी बिनकाट्याची झाडं निघाली आणि लोकांनी ती जपली. पेरूत वायागा नदीकाठी युरिमाग्वास नावाचं गाव आहे, तिथल्या परिसरातले पुपुन्ये यासाठी प्रसिद्ध झाले. त्यांना जगाच्या बाजारात नेलं ते फळानं नाही, कोंबानं.

माडाचा कोवळा गाभा, पल्मितो, ब्राझीलमध्ये आणि युरोपात सॅलडमध्ये खातात. पूर्वी तो ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या जंगलातल्या जुसारा माडापासून काढत. जुसारा एकखोडी. कोंब काढला की झाड संपलं, आणि नवं तयार व्हायला आठ-दहा वर्षं. चोरट्या तोडीनं त्याची रानं ओस पडली. पुपुन्या मात्र केळीसारखे बुडातून मुनवे सोडतो. एक खोड तोडलं की दुसरं तयारच असतं. लावल्यापासून दीड-दोन वर्षांत पहिली तोड, आणि मग त्याच बेटातून वर्षानुवर्षं. वर त्याचा गाभा कापल्यावर पटकन काळा पडत नाही, त्यामुळे डब्यात न घालता ताजाही विकता येतो. कोस्टा रिका, इक्वेडोर, ब्राझील इथं हेक्टरी पाच हजारांच्या आसपास रोपं दाटीनं लावून पल्मितोचे मळे उभे राहिले.

इथं काट्यांचा प्रश्न ऐरणीवर आला. फळासाठी वर्षातून एकदा चढणं वेगळं, आणि रोज शेकडो खोडं तोडून त्यांची एकेक काटेरी विरी, म्हणजे गाभ्याभोवती गुंडाळलेलं झावळीचं बूड, हातानं सोलणं वेगळं. मजुरांच्या हातांची चाळण होते. म्हणून 1990 च्या दशकात युरिमाग्वासचं बिनकाट्याचं बी ब्राझीलमध्ये मोठ्या प्रमाणात गेलं. आणि तिथं भुंगा आडवा आला. आई बिनकाट्याची असली तरी पराग कुठल्या तरी काटेरी झाडावरून आलेला असू शकतो. त्यामुळे बिनकाट्याच्या बियाण्यातही थोडी तरी काटेरी रोपं निघतातच. रोपवाटिकेत ती डोळ्यांनी ओळखून, देठावर बोट फिरवून, वेगळी काढून टाकावी लागतात.

एकाच भागातलं बी सगळीकडे गेलं की दुसरी काळजी सुरू होते. माडांच्या मागे लागलेली कीड काही कमी नाही. आपल्या नारळाचा गाभा पोखरणाऱ्या सोंड्या भुंग्याचा अमेरिकन भाऊ तिकडे पुपुन्याच्या खोडात अंडी घालतो, आणि ताज्या कापाच्या वासावर तो हमखास येतो. अशा वेळी प्रतिकार शोधायला जातीतली सगळी विविधता हाताशी हवी. पण पुपुन्याची बी वाळवली की मरते, त्यामुळे गहू-तांदळासारखी ती शीतपेटीत ठेवता येत नाही. मनौसला आणि कोस्टा रिकात तिची बँक म्हणजे जमिनीत उभी असलेली जिवंत झाडं, काटेरी आणि बिनकाट्याची दोन्ही. त्यांना जागा लागते, खत लागतं, माणसं लागतात, आणि अनुदान कमी झालं म्हणून झाडं वाढायची थांबत नाहीत.