'मीट' आणि 'मीट': उच्चार एक, स्पेलिंगं दोन कशी?

भेटणे या अर्थाचा 'मीट' दोन ई घालून लिहायचा, मांस या अर्थाचा ई-ए घालून. कानाला फरक कळत नाही, म्हणून लिहिताना गल्लत होते. पण ही स्पेलिंगं रूढ होत होती तेव्हा दोन्ही शब्द खरोखरच वेगळे ऐकू येत. भेटण्याचा शब्द 'ए' लांबवून 'मेट'सारखा, तर मांसाचा त्याहून तोंड उघडून, 'मॅट'कडे झुकणारा.

साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर जागचे हलले. 'मेट'चा 'मीट' झाला आणि मांसाचा शब्दही मागाहून त्याच उच्चारावर येऊन थांबला. विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला तो १४७६ मध्ये, म्हणजे ही हालचाल चालू असतानाच. उच्चार बदलत राहिले, छापील स्पेलिंगं मात्र घट्ट होत गेली. समुद्र आणि पाहणे (सी), अशक्त आणि आठवडा (वीक) या जोड्या अशाच जमल्या. प्रत्येकीतला पहिला शब्द ई-एचा, दुसरा दोन ईंचा.

ई-एचे मोजके शब्द मधेच अडले: ग्रेट, स्टेक, ब्रेक. म्हणून मोडण्याचा 'ब्रेक' गाडीच्या ब्रेकशी जुळला. गाडीच्या ब्रेकचं स्पेलिंग बी-आर-ए-के-ई.

व्यंजनं गळाल्यानेही जोड्या झाल्या. सरदार या अर्थाचा 'नाइट' आज रात्रीच्या 'नाइट'शी जुळतो, पण त्याच्या सुरुवातीचा के पूर्वी उच्चारला जाई. सतराव्या शतकाच्या अखेरीस तो लोपू लागला. दोन्हींतला जी-एच म्हणजे घशातला 'ख'सारखा ध्वनी. जर्मन लोक रात्रीला 'नाख्ट' म्हणतात, त्यात तो अजून ऐकू येतो.

फुलाचा 'फ्लॉवर' आणि पिठाचा 'फ्लॉवर' यांची गोष्ट उलटी आहे. मुळात हा एकच शब्द. दळलेल्या धान्याचा उत्तम, बारीक भाग म्हणजे त्याचं 'फूल'. पुढे अर्थ दुरावले आणि स्पेलिंगही वेगळं झालं.

मराठी माणसाची अडचण आणखी एक. ओला, थांबणे आणि वजन हे तिन्ही आपण 'वेट' म्हणतो. इंग्रजीत थांबणे आणि वजन यांचाच उच्चार सारखा, त्यातला 'ए' लांबून शेवटी 'इ'कडे वळतो. ओल्याचा 'ए' आखूड. गुरांच्या डॉक्टरचा 'व्हेट'ही आपल्या तोंडी ओल्याच्या 'वेट'शी मिसळतो. पण इंग्रजीत 'व्हेट' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. ओल्याचा 'वेट' म्हणताना ओठ नुसते गोल होतात. इंग्रजांनी केलेल्या सारख्या उच्चाराच्या शब्दांच्या याद्यांत 'व्हेट' आणि 'वेट' ही जोडी सापडणार नाही, कारण त्यांच्या कानाला ती जोडी वाटतच नाही.