कॉम्प्युटर आपला, पण निवड कुणाची?

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. वाढीव मुदत घेता येते, पण ती तात्पुरती मलमपट्टी. २०२१ मध्ये आलेलं विंडोज ११ टीपीएम २.० ही सुरक्षा चिप मागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. त्यामुळे २०१६-१७ साली घेतलेली, रॅम आणि एसएसडी वाढवून आजही मस्त चालणारी मशीन एका फटक्यात यादीबाहेर गेली. कोल्हापुरात अशी मशीन दुकानांत, पेढ्यांवर, सहकारी संस्थांच्या काउंटरवर सर्रास दिसतात. विंडोजऐवजी 'लिनक्स टाका, फुकट आहे' असा सल्ला मिळतो आणि तो वावगाही नाही. पण समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: त्यावर टॅली चालेल का?

माझ्या मते गेल्या चाळीस वर्षांची सगळी कहाणी याच प्रश्नात आहे. सामान्य माणूस कॉम्प्युटर निवडतच नाही. त्याचं रोजचं काम ज्या सॉफ्टवेअरवर चालतं, ते ज्या सिस्टिमवर असेल ती त्याला घ्यावी लागते. हिशेबाचं सॉफ्टवेअर असलेल्या टॅलीची कंपनी बंगळूरची, १९८६ सालची. गांधीनगरच्या कापड व्यापाऱ्याची किंवा मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत्याची खातेवही डॉसच्या, म्हणजे विंडोजआधीच्या सिस्टिमच्या काळात कॉम्प्युटरवर गेली आणि पुढे विंडोजवर आली, ती टॅलीच्या मागून. टॅलीप्राइम आजही मुळात विंडोजसाठीच बनतं. शिवाजी उद्यमनगरातल्या वर्कशॉपांचंही तेच. १९८२ साली आलेलं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर ऑटोकॅड एकेकाळी ॲपलच्या मॅकवर आणि युनिक्स या सिस्टिमवरही चालायचं. नव्वदच्या दशकात ते विंडोजपुरतं उरलं आणि मॅकवर परतलं ते थेट २०१० मध्ये. मधल्या काळात ज्याला ड्रॉइंग काढायचं होतं, त्याच्यापुढे दुसरा पर्यायच नव्हता.

ही साखळी अमेरिकेतल्या एका न्यायालयानं स्वच्छ शब्दांत मांडून ठेवली आहे. १९९८ मध्ये अमेरिकी सरकारनं मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी नोव्हेंबर १९९९ मध्ये नोंदवलेला निष्कर्ष असा: लोक विंडोज घेतात कारण सॉफ्टवेअर तिथे आहे, आणि सॉफ्टवेअर बनवणारे तिथेच बनवतात कारण लोक तिथे आहेत. नव्या सिस्टिमनं आत शिरायचं कुठून? नेटस्केपचा ब्राउझर आणि सन कंपनीची जावा ही प्रोग्रॅमिंग भाषा यांच्यामुळे एकच प्रोग्रॅम कुठल्याही सिस्टिमवर चालण्याची शक्यता तयार झाली होती. मायक्रोसॉफ्टला धास्ती होती ती याचीच. कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश जून २००० मध्ये निघाला, पण जून २००१ मध्ये अपिलात तो रद्द झाला. तोवर विंडोजसोबत फुकट येणाऱ्या इंटरनेट एक्स्प्लोररपुढे नेटस्केप संपल्यात जमा होता.

त्याची किंमत इथल्या माणसानं पुढची पंधरा-वीस वर्षं मोजली. आपली अनेक सरकारी पोर्टलं इंटरनेट एक्स्प्लोरर समोर ठेवूनच बांधली गेली. डिजिटल सहीचं टोकन लावून ई-टेंडर भरणाऱ्या ठेकेदाराला ब्राउझर आणि जावा, दोन्ही जुळवून घ्यावं लागे. क्रोमनं २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सनं २०१७ मध्ये जावाचं जुनं प्लगइन बंद केलं, तेव्हा टेंडरसाठी जुना ब्राउझर जपून ठेवलेलं एखादं मशीन ऑफिसात वेगळं असायचं. इंटरनेट एक्स्प्लोरर ११ निवृत्त झाला तो १५ जून २०२२ ला.

मराठी माणसाला सगळ्यात खोल झळ बसली ती मात्र फॉन्टची, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. मराठी डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवण्याच्या बाजारात श्रीलिपी होती, ती पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची. आयएसएम हे टायपिंगचं सॉफ्टवेअर पुण्याच्याच सी-डॅक या सरकारी संस्थेचं. शिवाय कृतीदेवसारखे फॉन्ट. प्रत्येकाची आतली मांडणी वेगळी. कृतीदेवमध्ये 'मराठी' टाइप केलं, तर फाइलीत साठतात ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरं. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडा, समोर इंग्रजी अक्षरांचा कचरा. एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात नेला तरी तीच गत.

म्हणजे ज्या डीटीपीवाल्याकडे लग्नपत्रिका किंवा संस्थेचा वार्षिक अहवाल पहिल्यांदा टाइप झाला, पुढच्या वर्षीही त्याच्याचकडे जायचं. दुसरीकडे गेलात तर पुन्हा पहिल्यापासून टायपिंग, पुन्हा प्रूफ. त्यात कोरलड्रॉ आणि पेजमेकर ही पानं मांडायची सॉफ्टवेअर. पेजमेकर १९८५ मध्ये मॅकवर जन्मला, आपल्याकडे विंडोजवर रुळला आणि २००४ मध्ये ॲडोबीनं त्याचं पुढचं काम थांबवलं. त्यात युनिकोड कधी आलंच नाही.

देवनागरीसह युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली होती. प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक, मशीन कुठलंही असो. पण विंडोजमध्ये देवनागरीची सोय झाली ती विंडोज २००० पासून. एक्सपीमध्ये तर कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकटीत टिक करायची आणि विंडोजची सीडी घालायची, तेव्हा कुठे जोडाक्षरं नीट दिसायची. सीडी कुणाकडे असायची? त्यामुळे उपाय हाताशी असूनही कित्येक वर्षं मजकूर जुन्याच फॉन्टांत साठत राहिला. आपल्या संस्था, वाचनालयं, छापखाने यांच्याकडच्या जुन्या सीडींवर जे मराठी पडून आहे, ते कन्व्हर्टरमधून काढून वाचवणं अजूनही शक्य आहे. ते लवकर व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मोबाइल आला आणि भांडणाची जागा बदलली. ॲपलचं ॲप स्टोअर जुलै २००८ मध्ये ५०० ॲपनिशी उघडलं, अँड्रॉइड मार्केट, म्हणजे आजचं प्ले स्टोअर, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. आता सॉफ्टवेअर कुठे चालतं एवढाच प्रश्न राहिला नाही, ते कुणाच्या दारातून आत येतं हाही प्रश्न झाला. पुढे मॅकला २०११ मध्ये आणि विंडोजला २०१२ मध्ये स्वतःचं स्टोअर आलं. हरणाऱ्याचं काय होतं, हे विंडोजवर चालणारे ल्युमिया फोन घेतलेल्यांना विचारा. फोन दणकट, कॅमेरा उत्तम, पण ॲप येईनात. व्हॉट्सॲपनं ३१ डिसेंबर २०१९ नंतर विंडोज फोनचा पाठिंबा काढला आणि चांगला चालणारा फोन कपाटात गेला.

जिंकणाऱ्याच्या दारात उभं राहणंही सोपं नसतं. १८ सप्टेंबर २०२० ला पेटीएम काही तासांसाठी प्ले स्टोअरवरून गायब झालं, तेव्हा देशभरच्या दुकानदारांना हे दार दिसलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. दंड अपिलात कायम राहिला, काही निर्देश मात्र रद्द झाले. फोनपेनं फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडस हे देशी ॲप स्टोअर आणलं. यूपीआयनं २०१६ पासून वेगळा रस्ता दाखवला आहे: ॲप कुठलंही वापरा, चहाच्या गाड्यावरचा तोच क्यूआर चालतो. सरकारी ॲपांना हा धडा लागू व्हायला हवा होता. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि करवीर-पन्हाळ्यातल्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावरची पिकाची नोंद फोनवर आली. फोन जुना निघाला, ॲप उघडेना, तर शेजाऱ्याचा फोन मागण्याची वेळ येते.

ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलनं आणखी एक पाऊल जाहीर केलं. प्रमाणित अँड्रॉइड फोनवर ओळख पटवलेल्या डेव्हलपरचीच ॲप बसतील, मग ती प्ले स्टोअरबाहेरून आलेली का असेनात. सुरुवात २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून, मग बाकीचं जग. विरोध झाल्यावर, जोखीम समजून घेणाऱ्या जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू, असं कंपनीनं नंतर सांगितलं. फसवणूक करणारी ॲप रोखायला याचा उपयोग होईल, हे खरंच. पण गावातल्या पोरानं दूध संस्थेसाठी बनवलेलं आणि व्हॉट्सॲपवर एपीके फाइल (स्टोअरशिवाय थेट बसवता येणारी) म्हणून पाठवलेलं ॲप सभासदांच्या फोनवर बसवायचं, तर आधी त्या पोराला गूगलकडे आपली ओळख पटवावी लागेल, नाहीतर प्रत्येक सभासदाला ती वेगळी वाट धरावी लागेल.