नॅट : तात्पुरत्या सोयीचा लांबलेला हिशेब

सप्टेंबर १९८१ मध्ये निश्चित झालेल्या आयपीव्ही४ मध्ये, म्हणजे इंटरनेटवरील संगणकांना पत्ते देणाऱ्या नियमांच्या चौथ्या आवृत्तीत, पत्त्यासाठी ३२ बिट ठेवलेले होते, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते. ते पुरणार नाहीत, हे १९९० च्या दशकाच्या आरंभीच दिसू लागले. मोठ्या पत्त्यांची नवी आवृत्ती येईपर्यंत वेळ निभावून नेण्यासाठी एगेवांग आणि फ्रान्सिस यांनी मे १९९४ मध्ये आरएफसी १६३१ या तांत्रिक दस्तऐवजाद्वारे नॅटची, म्हणजे राउटरवरच पॅकेटमधील (पाठवलेल्या माहितीच्या तुकड्यातील) पत्ता बदलण्याची, पद्धत मांडली. पुढे पत्त्याबरोबर पोर्ट क्रमांकही (पॅकेट संगणकावरील कोणत्या प्रोग्रामचे, हे सांगणारा आकडाही) बदलण्याची रीत रूढ झाली आणि एकाच सार्वजनिक पत्त्यावर, आतल्या जाळ्यापुरते खासगी पत्ते असलेले अनेक संगणक चालू लागले. १९९९ मध्ये विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही सोय अंगभूत आली.

अडचण अशी की, पॅकेटवरचा पत्ता वाटेत बदलणार नाही, हे अनेक प्रोटोकॉलांनी (संगणकांच्या संवादाच्या नियमांनी) गृहीत धरलेले होते. फाइली पाठवण्याच्या एफटीपी या प्रोटोकॉलच्या मूळ पद्धतीत क्लायंट आपला पत्ता व पोर्ट मजकुराच्याच रूपात सर्व्हरला कळवतो. नॅटने केवळ हेडर, म्हणजे पॅकेटचा पत्ता असलेला आरंभीचा भाग, बदलले, तर सर्व्हर त्या खासगी पत्त्याशी जोडणी करू पाहतो आणि ती होत नाही. मजकुरातला पत्ताही बदलावा, तर त्याची लांबी बदलू शकते, आणि मग त्या जोडणीतील पुढच्या प्रत्येक पॅकेटचे टीसीपी अनुक्रमांक (मजकुराचा क्रम राखणारे आकडे) सुधारत राहावे लागतात. आरएफसी १६३१ मध्ये ही अडचण नोंदलेली आहे. तेव्हा ती कोणाला अनपेक्षित होती, असे म्हणता येत नाही. पत्ते वाचवण्याचा भार सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांवर पडला, एवढेच.

पॅकेट सुरक्षित करणाऱ्या आयपीसेकच्या एएच प्रकारात पत्ताही प्रमाणित केला जात असल्याने नॅटमागे तो चालतच नाही. आयपीसेकच्याच ईएसपी या दुसऱ्या प्रकाराला मात्र २००५ मध्ये यूडीपी या साध्या प्रोटोकॉलच्या वेष्टनातून वाट मिळाली. इंटरनेट टेलिफोनी आणि बहुखेळाडू खेळ यांना बाहेरून येणारी जोडणी लागते, पण बदललेला पत्ता आतल्या कोणत्या संगणकाचा, हे सांगणाऱ्या राउटरच्या तक्त्यात तिची नोंद नसते. त्यासाठी २००३ मध्ये स्टन (आपला सार्वजनिक पत्ता शोधण्यासाठी) आणि २०१० मध्ये आइस (जोडणीची चालणारी वाट निवडण्यासाठी) ही मानके आली.

दरम्यान फेब्रुवारी २०११ मध्ये जगभरचे पत्ते वाटणाऱ्या आयाना या संस्थेकडील मोकळे पत्ते संपले. सेवादात्यांनी आपल्या जाळ्यातही नॅट बसवले आणि त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४.०.० पासूनचा पत्त्यांचा गट राखून ठेवला गेला. अशा जोडणीत ग्राहकाने घरच्या राउटरवर पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही, कारण सार्वजनिक पत्ता त्या राउटरकडे नसतोच.