पंप लावला म्हणजे हापूस मोकळा?

‘स्वयंचलित इन्शुलिन पंप लावला की हापूस कितीही खा, यंत्र सांभाळून घेते,’ हा रत्नागिरी-मालवणकडे आंब्याच्या हंगामात हमखास ऐकू येणारा समज चुकीचा आहे. मधुमेहीच्या त्वचेखालचा सेन्सर साधारण दर ५ मिनिटांनी साखर मोजतो आणि त्यानुसार पंप इन्शुलिन कमी-जास्त करतो, हे खरे. परंतु जलद इन्शुलिनचाही प्रभाव शिगेला पोहोचायला तासभर तरी लागत असल्याने, अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळालेल्या पहिल्या संकरित (म्हणजे काही काम यंत्राचे, काही वापरणाऱ्याचे अशा) यंत्रापासून आजच्या बहुतेक यंत्रांपर्यंत, जेवणातील कर्बोदकांचा अंदाज वापरणाऱ्यालाच आधी द्यावा लागतो. आंब्याचा, तसाच भाताचाही, जो आपल्याकडे सहसा कुणी मोजत नाही. शिवाय पंपात केवळ अल्पकाळ टिकणारे इन्शुलिन असल्यामुळे नळी निसटल्यास काही तासांतच रक्तात कीटोन (इन्शुलिनअभावी शरीर चरबी जाळू लागले की तयार होणारी, वाढल्यास घातक ठरणारी आम्ले) वाढू शकतात.